कबऱ्या, मामाजीले सांग

लग्नानंतर पावणेचार वर्षं मी माझ्या सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नाही, आणि तरी त्या घरात माझं सगळ्यांत चांगलं जमलं ते त्यांच्याशीच.

लाखांदूरकडे तेव्हा पद्धतच तशी होती. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं, गावात एसटी यायला लागली होती, पण सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही हा नियम एसटीच्या आधीपासूनचा होता आणि एसटी आली म्हणून तो कुठं गेला नाही. आता एका घरात राहायचं म्हटल्यावर बोलावं तर लागतंच. मग मधे कुणीतरी घ्यायचं. शेजारची सून खांबाशी बोलायची. "खांबा, मामाजीले सांग, पाणी तापलं." खांब काही सांगत नसे, पण मामाजी ऐकत आणि आंघोळीला जात. मीही खांबापासूनच सुरुवात केली. अडचण एवढीच की आमचे मामाजी घरात टिकतच नसत. दिवसभर धानाच्या शेतात, बांधीत, आणि उरलेला वेळ कोठ्यात, बैलांपाशी. तेव्हा माझं बोलणं आपसूकच खांबावरून बैलांवर गेलं.

बैल दोन होते. एक पांढरा, सांगाल ते ऐकणारा आणि त्यामुळे कुणाच्या लक्षात न राहणारा. दुसरा कबरा. आम्ही तिघं एकाच उन्हाळ्यात त्या घरात आलो. त्या दोघांना घेण्याआधी मामाजींनी त्यांचे दात मोजले होते, चालवून पाहिलं होतं, शेपटी पिरगाळून पाहिली होती. मला मात्र मध्यस्थाच्या शब्दावर आणलं. माझं माहेर कारध्याचं. घरामागे वैनगंगा, पलीकडे भंडारा शहर. तिथून उचलून मला जिथं आणलं तिथं पाहावं तिकडे धानाच्या बांध्या आणि मधे एक तलाव. पहिले काही महिने मला कुणाशी तरी बोलावंसं फार वाटायचं. नवरा धानगिरणीत कामाला, तो घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा. सासूबाई बोलायच्या, पण त्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायची सोय नव्हती.

राहिला कबरा.

दुपारी बैलांना तलावावर पाण्याला नेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. वाट आखरावरून जायची. आखर म्हणजे गावची जनावरं जमायची ती मोकळी सपाट जागा. तिच्या मधोमध एक पळसाचं झाड होतं. त्या झाडाखाली मी थांबायची आणि कबऱ्याला माझं सगळं सांगायची. नदीचं सांगायची, आईचं सांगायची, सासूबाईंचं तर फारच सांगायची. ऐकण्याचा मोबदला म्हणून पदराच्या गाठीतली मूठभर वाळलेली मोहफुलं त्याच्यापुढे धरायची. ती मी घरच्या मडक्यातून न विचारता घेतलेली असत. पांढऱ्यालाही द्यायची, पण त्याला बोलण्यात रस नव्हता.

आता मामाजींचं सांगते. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट करून दाखवायची होती. आमच्या गावात दर हिवाळ्यात, धान घरात आलं की, शंकरपट भरायचा. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची आणि या झेंडीपासून त्या झेंडीपर्यंत पळवायची. लांबलांबच्या जोड्या यायच्या, घड्याळ लावून वेळ बघायचे. मामाजींना पहिला नंबर नको होता. दुसरा, तिसराही नको होता. आपली जोडी, आपण हाकलेली, या झेंडीपासून त्या झेंडीपर्यंत एकदा पुरी जावी, बस. तरुणपणी त्यांच्याकडे पळण्याजोगे बैल नव्हते, आणि आता बैल आले तेव्हा ते साठीला टेकले होते. पहाटे उठून ते दोघांच्या पायांना तेल चोळत. तलावात पोहायला लावत, स्वतःही पोहत. बैल पाणी पीत तेव्हा आपणही तांब्यातून पाणी पीत, आणि तिघं मिळून एकदम थांबत. इतका मजेत असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी उठायला त्यांच्यापाशी कारण होतं.

आणि पट भरायचा आखरावरच. दुसरीकडे सपाट जागाच नव्हती.

पहिल्या वर्षी काय झालं ते मी ऐकलं फक्त. दुसऱ्या वर्षी तलावाच्या उंच पाळीवर बायकांमध्ये बसून पाहिलं. झेंडी पडली, जोडी सुटली, धूळ उडाली, मामाजी छकड्यावर उभे राहून ओरडत होते, माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. पळसाच्या झाडाशी येताच कबरा थांबला. असा थांबला की पांढरा त्याच्याभोवती अर्धा फिरला आणि मामाजी जूवरून पुढे जाऊन मातीत बसले. कबऱ्यानं मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. तो कुणाला शोधतोय हे त्या सगळ्या गर्दीत एकटीला मला कळलं.

मामाजी उठले, धोतर झटकलं, कबऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जोडी घरी घेऊन आले. त्याला एक काठीही मारली नाही. मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी मोहफुलं बंद करून पाहिली. तो झाडाखाली उभा राहिला तो राहिलाच, संध्याकाळपर्यंत पाणी प्यायला आला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुकाट गाठ सोडली. तिसऱ्या वर्षी तर लोक आधीच जागा धरून पळसापाशी बसले. वडेवाल्यानं आपली कढई शेवटच्या झेंडीपासून हलवून झाडाजवळ मांडली. कबरा आला, थांबला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन चुलीपुढे रडले. सासूबाईंना वाटलं धूर झाला.

सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याला, तीन वर्षं तुमच्या जिवाचं जे करून ठेवलं ते मीच, हे कसं सांगायचं?

चौथ्या वर्षी पटाला दोन आठवडे राहिले असताना गावात एक बुवा आला. पलीकडच्या कुठल्या तरी गावचा होता. त्याला कुणीतरी कबऱ्याचं सांगितलं. त्यानं डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, चहा आल्यावर उघडले आणि म्हणाला, "नंदी उगाच थांबत नाही. खाली हंडा आहे."

झालं. जुन्या मालगुजारानं, गावच्या जमीनदारानं, पुरलेला सोन्याचा हंडा गावाखाली फिरतो हे सगळ्यांनाच लहानपणापासून माहीत होतं. तो कुठं थांबतो एवढंच माहीत नव्हतं. आता तेही कळलं. दुसऱ्या दिवशी लोक कुदळी घेऊन आखरावर निघाले, पण बुवानं अडवलं. म्हणाला, असं चालत नाही. जू खांद्यावर असताना, पटाच्या भर गर्दीत बैल जिथं थांबेल, तिथं त्याच्या पुढच्या उजव्या खुराखाली खणायचं. हात इकडे नाही, हात तिकडे नाही.

अशा रीतीनं गावाची सगळी आशा कबऱ्याच्या थांबण्यावर जाऊन बसली, आणि तो थांबू नये असं वाटणारा माणूस गावात एकच उरला.

हंडा समिती स्थापन झाली. न निघालेल्या हंड्यावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले. एकानं पाहुण्यांना सांगून मुलीची सोयरीक थांबवली, आता त्याला मोठं घर हवं होतं. लाखोरीच्या शेंगा भरत आल्या होत्या, त्यांची राखण कुणी करेना, पाखरांची चंगळ झाली. माझ्या नवऱ्यानं गिरणीत रजा टाकली. समितीनं त्याला काम दिलं होतं, खूर पाहण्याचं. बैल थांबताच जमिनीवर आडवं व्हायचं आणि खुराभोवती चुन्यानं गोल काढायचा. तो घरी अंगणात कोंबडीवर सराव करायचा. सासूबाईंनी भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची नावं घोकायला सुरुवात केली आणि माझ्या हातून एक साधी वाटी पडली तरी म्हणायच्या, "पडू दे मा, आता काय कमी हाय!"

समितीची माणसं मामाजींकडे आली. बैल तुमचा, तेव्हा अर्धा हंडा तुमचा, म्हणाले.

मामाजी बैलांपुढे तणस टाकत होते. म्हणाले, "मले हंडा कायले पाहिजे? मले पट पाहिजे."

"अगा पण बुढ्या, हंडा भेटला तर असे शंभर बैल घेशीन."

"शंभर बैल घेऊन काय करू? हाकाचे तर दोनच हात हायेत."

ते लोक आपसात बघत निघून गेले. त्या दिवसापासून गाव त्यांना जरा खुळ्यात काढू लागलं. आणि गावातला प्रत्येक माणूस कबऱ्याला झाडाखाली थांबायची सवय राहावी म्हणून गूळ आणू लागला. मी दुपारी त्याला घेऊन गेले की तिथं रांग असायची. कुणी गूळ, कुणी भिजवलेले चणे, एका बाईनं तर पुरणपोळी. कपाळाला हळदकुंकू. माझ्या मूठभर मोहफुलांचं आता काय चालणार होतं? मला त्या बैलाचा रागही आला. तीन वर्षं मी त्याला मनातलं सांगितलं आणि तो गुळाला भुलला.

पटाला आठ दिवस राहिले तेव्हा मी कोठ्यात गेले. दुपार होती. मामाजी पांढऱ्याच्या शिंगांना तेल लावत बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी पदर नीट घेतला आणि कबऱ्यासमोर उभी राहिले.

"कबऱ्या," मी म्हणाले, "मामाजीले सांग, तू झाडाखाली थांबते ते हंड्यापायी नाही. मी तुले तिथं रोज मोहफुलं चारतो म्हणून थांबते."

तेलाचा हात थांबला.

मग मामाजी, तोंड पांढऱ्याकडेच ठेवून, म्हणाले, "कबऱ्या, सुनबाईले विचार, कधीपासून चारून राहिली?"

"कबऱ्या, सांग, लग्न झाल्यापासून."

"विचार, काहून चारते?"

मी कबऱ्याच्या कपाळावरचं हळदकुंकू पुसलं. मग मी म्हणाले, "सांग, इथं मले बोलाले कोणी नाही."

मामाजींनी तेलाची वाटी खाली ठेवली. आता हे रागावणार, माहेरी पाठवणार, असं मला वाटलं. ते कबऱ्याला म्हणाले, "सुनबाईले सांग, पटाच्या दिवशी तिकडच्या झेंडीपाशी उभी राहाची. मोहफुलं घेऊन."

मी घाबरले. पटाच्या वाटेवर बाई कधी उतरली नव्हती, घरची सून तर नाहीच. "कबऱ्या, विचार मामाजीले, गाव काय म्हणन?"

"सांग तिले," मामाजी म्हणाले, "गाव खोदून राहीन. त्याले कुठं वेळ हाय."

पटाच्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना सांगितलं की मला मळमळतंय. त्या आनंदानं म्हणाल्या, हंड्याच्या पायगुणानं. त्या पाळीवर गेल्या आणि मी मागच्या बाजूनं शेवटच्या झेंडीशी जाऊन उभी राहिले, पदर नाकापर्यंत, ओंजळीत मोहफुलं. मला कुणी अडवलं नाही, कारण तिथं कुणी नव्हतंच. सगळं गाव पळसापाशी होतं. चाळीसेक माणसं कुदळी, फावडी, सब्बल, घमेली घेऊन दोन्ही बाजूंना उभी. बुवा मधे. माझा नवरा चुन्याचा डबा घेऊन उकिडवा. शेवटच्या झेंडीशी फक्त घड्याळवाला होता, आणि तोही टाचा उंचावून तिकडेच पाहत होता.

आमच्या जोडीचा नंबर आला. झेंडी पडली. मामाजी छकड्यावर उभे राहिले.

खरं सांगते, ते बैल काही फार पळणारे नव्हतेच. पण त्या दिवशी मला ते वाऱ्यासारखे वाटले. पळस जवळ आला, कबऱ्याचा वेग कमी झाला, मामाजींनी कासरा ढिला सोडला, काहीच ओरडले नाहीत. आणि कबरा थांबला.

एकच गलका उठला. नवऱ्यानं अंग झोकून दिलं आणि कबऱ्याचा उजवा खूर दोन्ही हातांनी धरला. कुणी चुना शोधतंय, कुणी गूळ पुढे करतंय. खणायला इतकी घाई की बैल उभा असतानाच त्याच्या पोटाखाली पहिली कुदळ पडली. माझ्याजवळचा घड्याळवाला घड्याळ खिशात टाकून तिकडे पळत सुटला. त्या सगळ्या गोंधळात मामाजी छकड्यावर तसेच उभे होते. ते कुणाला ढकलत नव्हते, बैलाला मारत नव्हते. ते नुसते समोर, शेवटच्या झेंडीकडे बघत होते. आता कासरा सोडून खाली उतरतील आणि मग पुन्हा कधीच चढणार नाहीत, हे मला इतक्या लांबूनही दिसलं.

मी कबऱ्याला हाक मारायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मामाजी! उतरू नका! मी इथं हावो!"

आजवर त्या गावात मी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. नवऱ्यानं आवाज ओळखला आणि त्या धक्क्यानं खूर सोडला. कबऱ्यानं कान टवकारले. पावणेचार वर्षं रोज ऐकलेला आवाज होता तो, गुळाला आवाज नसतो. त्यानं पुरणपोळीवाल्या बाईला बाजूला सारलं आणि चालू लागला. मग दुडक्या चालीनं. मग, माझ्यावर विश्वास ठेवा, पळत. मामाजी परत ओरडायला लागले. मी पदर सावरायचंही विसरले. ते तिघं सरळ माझ्यावरच येत होते, झेंडी ओलांडून पुढे आले, आणि कबऱ्यानं माझ्या ओंजळीत तोंड घातलं तेव्हा मी मागे पडता पडता राहिले.

मामाजी उतरले. मागे वळून ती सगळी वाट पाहिली. मग माझ्या ओंजळीतलं खाली सांडलेलं एक मोहफूल उचललं, धोतराला पुसलं आणि तोंडात टाकलं.

"सुनबाई," ते म्हणाले, "झालं."

मधे खांब नव्हता आणि बैल खाण्यात गुंतला होता. ते माझ्याशीच बोलत होते.

तिकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. चाळीस माणसं खणत होती. खड्डा माणसाच्या उंचीचा झाला तेव्हा खालून पाणी लागलं आणि त्यात एक गंजलेली लोखंडी पट्टी निघाली, कुठल्या तरी जुन्या बैलगाडीच्या चाकाची. तिची वाटणी कशी करावी यावर समितीची शेवटची बैठक झाली आणि त्या बैठकीत समिती मोडली. बुवा त्याआधीच एसटीनं निघून गेला होता. दोघा भावांचं बोलणं मात्र काही वर्षं बंदच राहिलं. आखराच्या मधोमध डबकं झाल्यामुळे पट शेजारच्या गावी गेला. मला बैलांना तलावापर्यंत न्यायचं काम उरलं नाही, पाणी पळसापाशीच आलं होतं.

मामाजींना लोकांनी विचारलं, शेजारच्या गावी जोडी नेणार का. ते म्हणाले, "कायले? आपलं झालं ना." आणि खरंच त्यांनी परत कधी छकड्याला हात लावला नाही. पहाटे उठून तेल चोळणं, पोहणं, तिघांनी मिळून पाणी पिणं तसंच चालू राहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांना सुचली नव्हती. जोडी पुरी गेली हे पाहिलेलं माणूस जगात एकच होतं, मी. घड्याळवाल्याच्या वहीत आमच्या जोडीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंना पटलं नाही, नवऱ्याला खूर तेवढा आठवत होता. तेव्हा घरी पाहुणा आला की मामाजी मला बोलावत. "सुनबाई, सांग बरं याले, कसे आलो होतो." मग मी पाहुण्यांसमोर, सासूबाई डोळे वटारत असताना, पहिल्यापासून सांगत असे. पद्धत मोडली ती अशी. साक्षीदाराला गप्प बसवून चालत नाही.

ऐंशीच्या दशकात ते थकले. आधी कबरा गेला, मग पांढरा. मामाजी शेवटी शेवटी खाटेवर पडून असायचे. दुपारी मी त्यांच्याजवळ बसले की म्हणायचे, सांग. आता पाहुणाही लागत नसे. मी सांगायची. त्यांना बरं वाटावं म्हणून मी बैलांना दर वेळी थोडं जास्त पळवत गेले. एका दुपारी तर मी पळसापाशी थांबणं गाळूनच टाकलं. सरळ या झेंडीपासून त्या झेंडीपर्यंत, न थांबता, वाऱ्यासारखे. मला वाटलं, एवढं तरी माझ्याकडून त्यांना मिळावं.

त्यांनी डोळे उघडले.

"मधात थांबला होता ना तो," ते म्हणाले.

"हो मामाजी."

"मंग ते कायले गाळतं? तू हाक मारली ते तिथंच तं हाय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.